सात नंबरच्या झाडातला चौथा विषाणू

तालुक्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तर मी आहे, तास नसेल तर मी नाही. अशी मी तेरा वर्षं अधूनमधून आहे. कायम व्हायचं तर पीएचडी लागते आणि पीएचडीला विषय लागतो. तो मला सरांनी दिला. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. ते लांबच्या एका विद्यापीठात असतात आणि फोनवर फार कमी बोलतात. त्यांनी विषय सांगितला तोही तीन शब्दांत होता : जंगली चहातले विषाणू. चौथा शब्द मीच मनात जोडला, 'काहून?', म्हणजे कशासाठी, पण विचारला नाही.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात चहा पितात, पिकवत नाहीत. चहाचं झाड मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझा सहा वर्षांचा अभ्यास वाळक्या पानांवर झाला. ईशान्येकडच्या डोंगरांत चहाची आपसूक वाढलेली झाडं आहेत. मळ्यातल्यासारखी छाटून कंबरेएवढी ठेवलेली नाहीत, शिडी लावावी लागेल अशी उंच. सरांचे एक मित्र तिकडं हिंडत, झाडांना नंबर देत आणि पानं तोडून ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीत घालून मला कुरिअरनं धाडत. मळ्यातला चहा माणसानं निवडून वाढवलेला, त्याचे रोग पुस्तकात आहेत. जंगलातल्या झाडांत कोण कोण राहतं हे मात्र कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. विषाणू म्हटलं की लोकांना आधी रोग आठवतो. खरं तर पुष्कळसे विषाणू झाडात नुसते राहून असतात आणि झाडाला त्यांचा पत्ताही नसतो.

पहिली पुडी आली तेव्हा कुरिअरवाल्यानं सही घेता घेता विचारलं, "म्याडम, काय हाय यात?"

"चहाची पानं."

"आपल्याकडं दुकानात न्हाई का भेटत?"

मी सही केली.

पानांतून विषाणू शोधायचे तर आधी ती पानं भयंकर थंडीत गोठवून खलात कुटावी लागतात. त्यासाठी लागतो द्रव नायट्रोजन. तो मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांत नळाच्या पाण्यासारखा मिळतो म्हणे. आमच्या तालुक्यात तो एकाच जागी असतो, गुरांच्या दवाखान्यात. कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या कांड्या त्यात बुडवून ठेवतात. तिथले डॉक्टर सज्जन होते. त्यांची टाकी भरून आली की ते मला फोन करत आणि मी माझं भांडं घेऊन गाई-म्हशींच्या रांगेत उभी राहत असे. एकदा साखरा गावाहून सोयऱ्याकडं आलेला एक म्हातारा त्या सोयऱ्याची म्हैस धरून माझ्यापुढं उभा होता. त्यानं माझ्या भांड्याकडं बघून विचारलं, "तुमची गाय हाय का म्हैस?"

मी म्हटलं, "चहा."

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "भरवून घ्या बराबर. पयल्या खेपेला राहतंच असं न्हाई."

त्याचं म्हणणं पुढं खरं ठरलं. पहिल्या दोन वर्षांत माझ्या हाती काहीच लागलं नाही.

कुटलेल्या पानांतून जो अर्क निघतो, त्यात झाडाचा मजकूर असतो आणि झाडात राहणाऱ्या सगळ्यांचाही. तो मोठ्या शहरात वाचायला पाठवायचा. परत येतो तेव्हा त्याचे बारीक बारीक कोट्यवधी तुकडे झालेले असतात. संगणक ते जोडतो. त्यातलं चहाचं ते चहाचं म्हणून बाजूला काढायचं आणि उरलेलं जगातल्या माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून पाहायचं. आमच्याकडं सोयरीक जमवताना म्हातारी माणसं विचारतात ना, "तुमचे मामा कोणत्या गावचे? त्यांचं देवक काय?", तसंच आहे हे. कुणाशी तरी नातं निघतंच. जवळचं निघालं तर तो जुनाच विषाणू. लांबचं निघालं तर नवी जात. आणि इतकं लांबचं निघालं की कुठल्याच कुळीत बसवता येत नाही, तर त्याच्यासाठी नवं घराणं मांडावं लागतं. माझ्यासारखीच्या आयुष्यात असं एकदा घडलं तरी पुष्कळ.

सहा वर्षांत माझ्या हाती पाच विषाणू आले. पहिले दोन मळ्यातल्या चहात आधीच सापडलेले निघाले. तिसरा नवा होता, पण दुसऱ्या एका देशातल्या लोकांनी तो माझ्याआधी तीन आठवडे छापला. मला त्यांचा फार राग आला. मी या जगात आहे हेही त्यांना माहीत नव्हतं, याचा आणखी आला. पाचव्याचं नुसतं शेपूट मिळालं, धड नाही की तोंड नाही. राहिला चौथा. तो फक्त सात नंबरच्या झाडात होता, पण पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सबंध होता आणि जगात कुणाशीही त्याचं जवळचं नातं निघत नव्हतं.

सरांनी तो पाहिला आणि स्वतःहून फोन केला. "नुसती जात नाही ही," ते म्हणाले. "घराणंच नवं काढावं लागणार. अभिनंदन, डॉक्टर."

मी अजून डॉक्टर झालेली नव्हते. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी आणि शेवटची जूनअखेर संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द. पाचातले चार विषाणू असून नसल्यासारखे होते, तेव्हा सगळा प्रबंध एका चौथ्यावर उभा होता. पण त्या दिवशी मला त्याचं ओझं वाटलं नाही. मी स्टाफरूममध्ये बसून 'डॉक्टर' हा शब्द मनातल्या मनात आठ-दहा वेळा म्हणून पाहिला. मला ती पदवी हवी होती. नोकरीसाठी हवी होती हे खरं, पण नोकरी नसती तरीही हवी होती.

छापण्याआधी एक पडताळणी करायची असते. ज्या पानांतून विषाणू सापडला, त्याच पानांकडं परत जायचं आणि छोट्या चाचणीनं तो खरंच तिथं आहे का ते पाहायचं. सात नंबरच्या झाडाची निम्मी पानं पुडीत शिल्लक होती. चाचणी केली. नाही. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा केली. नाही. चार वेळा केली आणि चार वेळा चौथा विषाणू त्या झाडात नव्हता.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. चहाचा मजकूर बाजूला काढल्यावर जो गाळ उरतो, त्यात आणखी कुणाकुणाचा मजकूर आहे ते बघत बसले. थोडी बुरशी होती, ती असतेच. आणि हळद होती.

ईशान्येच्या जंगलातल्या चहाच्या पानात हळद. मी खुर्चीत मागं टेकले आणि मला खंडेनवमी आठवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा करतात. शेतकरी विळे-कोयते पूजतो, आता ट्रॅक्टर पूजतो. कॉलेजात आम्ही सूक्ष्मदर्शक, तराजू आणि फ्रीज पूजतो. प्रयोगशाळेतले शिपाईमामा फुलं आणतात आणि हळदीकुंकू मी घरून नेते, हे ठरलेलं. त्या वर्षीही घरून पुडी नेली आणि सगळ्यांना बोटं लावली. माझ्या खलाच्या काठाला पाच लावली, कारण माझं सगळं पोट त्याच्यावर अवलंबून होतं. तेवढ्यात गुरांच्या डॉक्टरांचा फोन आला की टाकी आली आहे, आत्ता न्या, यानंतर दिवाळी झाल्यावरच. नायट्रोजन थांबत नाही, उडून जातो. मी भांडं भरून आणलं आणि त्याच दुपारी त्याच खलात एक नमुना कुटला. सात नंबरचं झाड.

खल आतून स्वच्छ होता. काठाला हळदीकुंकू होतं. पूजेचं हळदीकुंकू त्या दिवशी पुसायचं नसतं, म्हणून मी ते पुसलं नाही. खरं तर पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचंही नसतं, ते मात्र मी वापरलं. दोन नियमांपैकी मी एकच पाळला आणि नेमका नको तो पाळला. मास्तरकी करताना पोरांना मी दरवर्षी सांगत आले की प्रयोगात बाहेरचं काही मिसळू देऊ नका. धूळ, थुंकी, हातमोज्यांची पावडर अशी उदाहरणंही देते. हळदीकुंकू त्यात नव्हतं.

तरी मनात एक आशा होती. बाजारातली हळद शिजवलेली असते. काढणी झाली की ती कुकरमध्ये घालून वाफेवर शिजवतात, वाळवतात, ढोलात घालून चमकवतात. एवढ्या शिजवण्यात विषाणूचा मजकूर शाबूत राहणं अवघड. पण पूजेची हळद आमच्या घरात बाजारातून येत नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई (सासूला आमच्याकडं आत्याबाईच म्हणतात), देवासाठी वेगळी हळद करतात. कच्चे गड्डे चिरून वाळवायचे आणि जात्यावर दळायचे. शिजवायचे नाहीत. काहून असं मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आपण उष्टं-शिळं खाऊन राहिलो, देवाला तरी कच्चं असू दे." या उत्तराचा मला तेव्हाही अर्थ लागला नव्हता.

देवघरातल्या डब्यातली चिमूटभर हळद मी कॉलेजात नेली आणि चाचणी केली. चौथा विषाणू तिथं होता. मग आमच्या शेतातले दहा गड्डे नेले. दहाही गड्ड्यांत होता.

म्हणजे विषाणू खरा होता. नवाही होता. घराणंही नवंच काढावं लागणार होतं. फक्त तो जंगली चहात नव्हता, हट्टा गावाजवळच्या आमच्या चार एकरांत होता. आणि माझ्या नोंदणीच्या कागदावर जंगली चहा लिहिलेलं होतं. हळदीसाठी नव्यानं अर्ज, नवी परवानगी, पहिल्यापासून सुरुवात. माझं वय एक्केचाळीस.

मी हे कुणालाही सांगितलं नाही.

आता लिहिताना याची लाज वाटते, तेव्हाही वाटत होती. पण लाजेवर माणूस बरेच दिवस काढू शकतो. मी एकोणीस काढले. रोज एक नवं कारण शोधायची. उरलेल्या पानांत विषाणू कमी असेल. चाचणीच कच्ची असेल. चहात आणि हळदीत दोन्हीकडं तो असेल, कुणी सांगावं? सर विचारत होते, "पडताळणी झाली?" मी म्हणायची, "चालू आहे सर." ते म्हणायचे, "बरं." सरांचा माझ्यावर विश्वास होता, त्यामुळं त्यांना फसवणं अगदी सोपं होतं.

तो मे महिना होता आणि मे महिन्यात आमच्या अंगणात लावणीसाठी हळदीचं बेणं न्यायला लोक येतात. आत्याबाईंचं बेणं गावात प्रसिद्ध आहे. सासरे लवकर गेले, तेव्हापासून हळद त्याच बघतात. माझा नवरा शाळामास्तर, शेतात गेला तर पाहुण्यासारखा बांधावर उभा राहतो. काढणीला आत्याबाई एक एक गड्डा हातात घेऊन बघणार, चांगला तो बेण्याचा, आणि ते बेणं लिंबाच्या सावलीत ढीग घालून हळदीच्याच पाल्यानं झाकून ठेवणार. अक्षय तृतीया झाली की गावातली माणसं गोण्या घेऊन येतात. बेणं मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. भांडण असलेल्या भावकीलाही त्यांनी दिलेलं मी पाहिलं आहे. बोलल्या नाहीत, पण बेणं दिलं.

हळदीचा विषाणू बेण्यातून जातो. गड्डा लावला की तोही लागतो. हे मला सगळ्या गावात एकटीला ठाऊक होतं. पण बेण्याबद्दल बोलायचं तर हळदीबद्दल बोलावं लागणार, हळदीबद्दल बोललं की खल निघणार आणि खल निघाला की चौथा विषाणू गेला. म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरली. त्या एकोणीस दिवसांत सहा घरी बेणं गेलं. एका बाईला तर गोणी डोक्यावर चढवेना म्हणून मीच हात लावला.

अठराव्या दिवशी आत्याबाई ढिगापाशी बसल्या होत्या. एक गड्डा हातात फिरवत म्हणाल्या, "पोरी, यंदा पानावर पिवळ्या रेघा लई दिसल्या बघ. आदी असं नव्हतं. तुला त्यातलं कळतं, काहून झालं आसंल?"

मी म्हटलं, "लोह कमी पडलं असेल जमिनीत."

वर्गात सांगते त्याच आवाजात सांगितलं. चुकीचं होतं असंही नाही, लोह कमी पडलं तरी रेघा येतात. त्या रेघा विषाणूच्या होत्या की नव्हत्या हे मला आजही माहीत नाही. पण आत्याबाईंनी मान हलवली. "लोह व्हय," असं पुटपुटल्या आणि गड्डा चांगल्यांत टाकला. माझ्या शब्दावर टाकला. त्यांना शाळेत कुणी घातलं नव्हतं. सून शिकलेली आहे म्हणून त्या चार बायकांत तोरा मिरवायच्या आणि त्यांचा तो तोरा मला नेहमी आवडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी लेखाचा शेवटचा मसुदा पाठवला. वर माझं नाव, खाली नव्या घराण्याचं नाव आणि सोबत निरोप, "फक्त हो म्हणा." मी मोबाईल तसाच कमरेला खोचला आणि अंगणात गेले.

"आत्याबाई, तुमाला एक सांगायचं हाय."

त्या ढीग झाकत होत्या. हात थांबला नाही. "सांग."

मी सगळं सांगितलं. चहा, खल, नवमी, देवाची हळद, दहा गड्डे. सांगता सांगता मला वाटत होतं की यांना यातलं निम्मं कळणार नाही. त्यांना सगळं कळलं.

"म्हंजी आपल्या बेण्यात रोग हाय."

"रोग हाय का न्हाई ते ठाऊक न्हाई. विषाणू हाय. तो काई करतो का नुसता राहून राहिला, ते कुणालाच ठाऊक न्हाई. आतापस्तोर कुणी पाह्यलाच न्हाई त्याला."

"तू पाह्यला."

"व्हय."

"कवा?"

मी म्हटलं, "एकोणीस दिवस झाले."

त्यांचा हात आता थांबला. मी वाट बघत होते की त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "सहा घरं झाली." मग उठल्या, पदरानं हात पुसले आणि चपला शोधू लागल्या.

"कुठं चालल्या?"

"सांगाया."

"अवो पण सांगनार काय? काई करतो का न्हाई तेच अजून..."

"जेवढं ठाऊक हाय तेवढं सांगू. लावायचं का न्हाई ते त्यांचं त्यांनी ठरवावं." चपला सापडल्या होत्या. "तू बी चल. मला त्या इषाणूचं नाव घेता येत न्हाई."

ऊन चांगलंच तापलेलं होतं. पहिलं घर बांधाला बांध लागून असलेल्या चाचांचं. त्यांच्या तीन पिढ्या आमच्या शेजारी शेती करतात आणि बेणं कायम आमचंच नेतात. आत्याबाई ओसरीवर टेकल्या आणि सरळ म्हणाल्या, "आमच्या बेण्यात काईतरी निघालं. सुनेनं तपासलं. वाईट हाय का बरं ते तिलाबी कळंना. तुमी लावायच्या आदी इचार करा, म्हनून आले." मी विषाणू म्हणजे काय ते सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कब मालूम पडा?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "आज सकाळी."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. चाचा म्हणाले, "आज मालूम पडा, आज बोलने आये. इतना कौन करता," आणि आम्हाला पाणी दिलं. ते पाणी मी प्यायले.

दुसऱ्या घरी तोच प्रश्न आला आणि तेच उत्तर गेलं. अठ्ठेचाळीस वर्षं आत्याबाई या गावात नांदल्या, त्यांनी कुणाशी खोटं बोललेलं कुणाला आठवत नसेल. त्या दिवशी अर्ध्या तासात दोनदा बोलल्या. दोन्ही वेळा माझ्यासाठी.

तिसऱ्या घरी दारात जी बाई आली, तिलाच मी गोणी उचलू लागले होते. एकटी बाई, पोरं लहान, दीर बघत नाही, थोडीशी हळद लावून त्यावर वर्ष काढणारी. आत्याबाईंनी सांगितलं ते तिनं उभ्यानं ऐकलं. मग विचारलं, "कवा कळलं हे?"

आत्याबाईंनी श्वास घेतला. मी म्हटलं, "एकोणीस दिवस झाले."

त्या बाईनं मनात हिशोब केला, मला तो तिच्या तोंडावर दिसत होता.

"मी तर बारा दिसांमागं नेलं," ती म्हणाली. "गोणी तुमीच उचलू लागल्या की."

"व्हय."

"तवा ठाऊक व्हतं?"

"व्हय. ठाऊक व्हतं."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. कडी लावली नाही, नुसतं लोटलं. त्याचं मला जास्त लागलं.

रस्त्यावर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मागच्या दोन घरी मी खोटी पडले आता."

"मी जाऊन सांगते."

"दोघी जाऊ. आदी त्या तुज्या सरांना फोन लाव. तेबी एक घरच हाय."

मी चिंचेच्या सावलीत उभी राहून फोन लावला. सर पहिल्याच घंटेला बोलले, "हो म्हणालात ना?"

मी म्हटलं, "सर, चौथा चहात नाही. आमच्या हळदीत आहे." मग बाकीचं सांगितलं. खंडेनवमीपाशी आले तेव्हा ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "हे पडताळणीत कुणी धरलं? बाहेरच्या कुणी?"

"नाही. मीच."

"म्हणजे तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"हळद तुमचा विषय नाही."

"नाही सर."

"जूनमध्ये काही होणार नाही आता. नोंदणी जाईल." ते म्हणाले, "मला वाईट वाटतं, बाई." आणि फोन ठेवला. बाई म्हणाले.

आत्याबाई बाजूला उभ्या होत्या. "काय म्हनले?"

"डिग्री न्हाई भेटनार," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. एक्केचाळीस वर्षांची बाई, भर दुपारी, भर रस्त्यात. एक मोटारसायकलवाला वेग कमी करून बघून गेला. सहा वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं आणि ते मला थांबवता येईना.

आत्याबाईंनी मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, उगी म्हणाल्या नाहीत. पदर डोक्यावर पुढं ओढून उन्हाकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मागची दोन आन् म्होरली तीन. पाच घरं राह्यली. चालता चालता रड."

मी डोळे पुसत त्यांच्या मागं निघाले. चाचा अजून ओसरीवरच बसलेले होते. आम्हाला परत आलेलं बघून त्यांनी पुन्हा पाण्याचा तांब्या पुढं केला. मी म्हटलं, "चाचा, आधी ऐकून घ्या."